अठ्ठेचाळिसावा दिवस म्हणजे कोणती तारीख?

"माझं नाव लाल कुनी केलं?"

दार उघडल्या उघडल्या तिचा पहिला प्रश्न हाच. आत ये म्हटलं तर आली नाही. पाणी पुढं केलं तर तांब्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची ही बाई, बावीस बायांच्या टोळीची मुकादम. भात निघालं की टोळी घेऊन खाली दिंडोरीच्या बाजूला उतरते आणि द्राक्षाचा हंगाम संपेपर्यंत बागांमध्ये काम करते. आठ-नऊ वर्षांची आमची ओळख, पण तोंडापेक्षा फोनवरची जास्त. पेठ रोडवरचं माझं घर शोधत, जीप बदलत, ती पहिल्यांदाच आली होती, आणि आली ती भांडायला.

"चार दिस झाले, बाया घेऊन नाक्यावर उभी हाय," ती म्हणाली. "गाड्या येतात, दुसऱ्या टोळ्या बसवतात, निघून जातात. आमच्याकडं कोन बघत नाय. मंग एक बागवाला म्हनला, बाई, तू लाल झालीस. मोबाईल तुला घेऊ देत नाय."

मोबाईल तुला घेऊ देत नाही! हे वाक्य ऐकून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि तो उतरत नाही म्हणूनच हे लिहायला बसले आहे. लिहिते ते बोलल्यासारखंच. मला दुसरं जमत नाही.

पण आधी हे सांगायला हवं की तिला लाल करणारं ते ॲप माझ्याच वहीतून निघालेलं आहे.

मी दहावीनंतर शिकले नाही. अंबडला एका कारखान्यात स्टोअरला लागले ती रिटायर होईपर्यंत तिथंच. कोणता नट कोणत्या रॅकवर, कोणत्या कप्प्यात, हे झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. कॉम्प्युटर आले तेव्हा साहेब लोक पोरांना ट्रेनिंगला पाठवायचे, मला नाही. मी त्यांच्या मागं उभी राहून बघून शिकले. रिटायर झाल्यावर भावाच्या बागेत जायला लागले, दिंडोरीच्या पुढं, आणि तिथं मला दिसलं की सगळं अडतं ते टोळीपाशी.

ज्यांना द्राक्ष माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दसऱ्याच्या आगेमागे बाग छाटतात. तिथून पुढचं प्रत्येक काम दिवसांवर. अमुकाव्या दिवशी जास्तीची फूट काढायची, अमुकाव्या दिवशी घड औषधात बुडवायचे, मग घडातले जास्तीचे मणी काढून विरळणी करायची. एक एक घड हातात धरून, कपातल्या औषधात बुडवून सोडायचा. त्याला आमच्याकडं डिपिंग म्हणतात. तो दिवस दोन दिवसांनी जरी हुकला तरी मणी फुगत नाही, वर्षाची मेहनत बारीक राहते. आणि हे काम यंत्रानं होत नाही, बायांच्या हातांनी होतं. म्हणून नेमक्या त्या दिवशी टोळी लागते. एका गावात शंभर बागा, आणि सगळ्यांना टोळी त्याच आठवड्यात हवी.

आणखी एक. आमच्याकडं बागेच्या कामाला कुणी तारीख बोलत नाही. भावाला विचारलं, डिपिंग कधी रे, तर म्हणणार, "अठ्ठेचाळिसाव्याला." म्हणजे छाटणीपासून अठ्ठेचाळिसावा दिवस. त्याच्या बायकोला विचारा, पोराला विचारा, औषधाच्या दुकानात विचारा, सगळे तसंच बोलतात. प्रत्येक बागेचं कॅलेंडर तिच्या छाटणीपासून सुरू.

मी वही घातली. भावासाठी, मग भाऊबंदांसाठी, मग गावासाठी. कोणाची टोळी कोणत्या दिवशी कुठं. फोन यायचे, "ताई, माझा अठ्ठेचाळिसावा, बघा कोण मोकळं." मी विचारायची, छाटलीस कधी? मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजायची आणि तारखेच्या पानावर लिहायची. वहीचं पान तारखेचंच होतं. चार गावं झाली तेव्हा वही पुरेना. व्हिडिओ बघून, थांबवून, परत बघून, मी मोबाईलवर चालणारं एक छोटं ॲप केलं. हसू नका. रंग भडक होते, पण चालायचं.

मग बागाईतदारांचा एक गट झाला. गटाला अध्यक्ष आले, अध्यक्षांना आयडिया आली. नाशिकमधल्या एका छोट्या कंपनीला काम दिलं, कॉलेज रोडला त्यांचं ऑफिस. माझं ॲप त्यांनी नवीन केलं आणि माहिती क्लाउडवर नेली. तिथं ज्या डेटाबेसमध्ये ती ठेवली त्याला नोएसक्यूएल म्हणतात. यंत्र आपलं नाही, कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं. ते बंद पडलं, भरलं, त्याची कॉपी काढायची, हे सगळं ते बघतात. आपण फक्त आपलं टेबल मांडायचं. कॉलेज रोडच्या ऑफिसातली प्रमुख इंजिनिअर तिशीतली मुलगी. मला काकू म्हणते. तिनं मला समजावून सांगितलं आणि मला ते पटकन कळलं, कारण मी स्टोअरची बाई. प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते, की म्हणतात तिला. किल्लीचा पहिला भाग म्हणजे रॅक, दुसरा भाग म्हणजे त्या रॅकवरचा कप्पा. किल्ली सांगितली की लाखो नोंदींतून डेटाबेस सरळ त्या कप्प्यापाशी जातो, शोधत बसत नाही. म्हणून तो कितीही मोठा झाला तरी हळू होत नाही. फक्त आपण पुढं काय विचारणार ते आधी ठरवून किल्ली करावी लागते.

पहिल्या हंगामात रॅक गावाचा होता आणि कप्पा तारखेचा, माझ्या वहीसारखा. तेवढ्यात गावं वाढली आणि फजिती झाली. एका मोठ्या गावातले सगळे बागवाले सकाळी एकाच तासात ॲप उघडणार, आणि सगळे एकाच रॅकसमोर उभे. डेटाबेस निम्म्यांना परत पाठवायला लागला. "पुन्हा प्रयत्न करा," एवढंच दिसायचं. अध्यक्ष म्हणाले, क्षमता वाढवा. वाढवली, तरी काही फरक नाही. बाकी रॅक रिकामे आणि एकाच रॅकपुढं जत्रा असेल तर दुकान मोठं करून काय होणार!

मग मीटिंग झाली. त्या मुलीनं सुचवलं, रॅक गावाचा नको, टोळीचा करू. टोळ्या पुष्कळ, गर्दी आपोआप वाटली जाईल. हे बरोबरच होतं. मग तिनं मला विचारलं, "काकू, शेतकरी ॲप उघडून नेमकं काय विचारतो?"

मी म्हटलं, "तारीख विचारत नाही गं कुणी. माझ्या बागेचा अठ्ठेचाळिसावा दिवस, कोणती टोळी मोकळी, असं विचारतो."

तिनं लिहून घेतलं. कप्पा दिवसाच्या आकड्याचा झाला. वर एक अटही टाकली, की कप्पा रिकामा असेल तरच नोंद लिहायची, म्हणजे एकाच टोळीचं दोनदा बुकिंग होणार नाही. मी केवढी खूष! वाटलं, आपली बोली त्या एवढ्या मोठ्या यंत्राला शिकवली. त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना माझ्या खर्चानं कचोऱ्या खाऊ घातल्या. आता त्या कचोऱ्या आठवल्या की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

कारण ॲप उत्तम चाललं. कुणी परत जाईना. अध्यक्ष लॅपटॉपवर, अडचणी शून्य अशी सपाट रेषा दाखवत दुसऱ्या तालुक्यांत हिंडले, आणखी गावं आली. मी रोज सकाळी बुकिंगच्या यादीवरून नजर फिरवायची, तर मला सांगितलं, "काकू, आता गरज नाही. एवढ्या नोंदी माणसानं बघायच्या नसतात." आणि अध्यक्षांच्या हट्टावरून एक नवीन बटण आलं, "टोळी आली नाही." तीनदा ते दाबलं गेलं की टोळीच्या नावापुढं लाल गोल, त्याखाली "तीन वेळा गैरहजर", आणि बुकिंग बंद. त्या मीटिंगलाही मी होते. मीही मान हलवली. म्हटलं, शिस्त लागेल.

तर आता ती माझ्या दारात उभी.

मी लॅपटॉप आणला आणि तिच्याजवळ पायरीवरच बसले. खरंच, तीन गैरहजेऱ्या, तीन वेगवेगळ्या बागवाल्यांच्या. मी ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर.

"काकू, डेटा बरोबर आहे," मुलगी म्हणाली. "बुकिंग झालेलं, कन्फर्मेशन गेलेलं, टोळी पोचली नाही."

"दोन ठिकाणी बुकिंग झालं असेल एकाच दिवशी."

"होऊच शकत नाही, काकू. अट आहे ना. डेटाबेस दुसरी नोंद घेतच नाही. तिनं दुसऱ्या कुणाला परस्पर दिला असेल दिवस. करतात हो हे लोक."

हे लोक! फोनमध्ये शिरता आलं असतं तर मी शिरले असते.

मुकादमबाईनं मला विचारलं, "काय म्हनती ती?"

"म्हणते, चूक होऊच शकत नाही."

"मंग मी खोटी?"

मी तिला त्या तीन दिवसांचं विचारलं. तिला तारखा कुठून माहीत असणार. पण मजुराला काम आठवतं. "पहिल्या दिशी आमी वडाजवळच्या मोठ्या विहिरीच्या बागंत व्हतो, उजाडल्यापासून. मालकिनीच्या सासूनं भाकरी दिल्या. विचारा तिला. दुसऱ्या दिशी शाळंमागच्या बागंत. आमी घरी बसून लाल झालो का ताई?"

तीनही दिवस टोळी कामावर होती, ॲपमधूनच बुक झालेल्या दुसऱ्या बागेत. मी त्या पहिल्या दिवसाच्या दोन्ही नोंदी उघडल्या. विहिरीवाल्याची नोंद, दिवस त्रेपन्नावा. तक्रार करणाऱ्याची नोंद, दिवस अठ्ठेचाळिसावा. दोन वेगळे आकडे, दोन वेगळे कप्पे, दोन्ही रिकामे होते, दोन्हींत बुकिंग झालं. मग मी आत गेले, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि मोजायला बसले. विहिरीवाल्यानं बाग छाटली दसऱ्याला. दुसऱ्यानं छाटली त्यानंतर पाच दिवसांनी. याचा त्रेपन्नावा आणि त्याचा अठ्ठेचाळिसावा ही एकच सकाळ!

डेटाबेसला काय माहीत? त्याला अठ्ठेचाळीस वेगळा आणि त्रेपन्न वेगळा. आम्ही सांगितलं तेच त्यानं इमानानं केलं, आणि तेही सगळ्या तालुक्यांत. मुकादमबाईला तरी कसं कळणार? तिच्या मोबाईलवर मेसेज आले, अमक्याच्या बागेचा अठ्ठेचाळिसावा, तमक्याच्या बागेचा त्रेपन्नावा. कुणी कधी छाटली हे तिनं कुठून आणायचं? सकाळी नाक्यावर ज्याची पिकअप आधी आली त्यात ती बाया घेऊन बसली. दुसऱ्याची पिकअप आली, नाका रिकामा, त्यानं रागारागात बटण दाबलं. वहीच्या काळात हा हिशेब मी करायची, कॅलेंडरवर बोट ठेवून. मला बाजूला बसवलं आणि माझ्याबरोबर तो हिशेबही गेला. तो कुणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, हे जास्त लागतं.

"काय निघालं?" तिनं विचारलं.

"तू खरी आहेस."

"ते मला माहितीच हाय," ती म्हणाली. "तुमचं काय निघालं ते सांगा."

मी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "माझ्या बाया उद्यापरवा उठून जातील. चुली किती दिस थंड ठेवायच्या? तुमचं ते लाल पुसा लवकर." आणि पाणी न पिताच जीप पकडायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज रोडला गेले, कॅलेंडर पिशवीत घालून. मुलीच्या टेबलावर पसरलं, बोट ठेवून दाखवलं. तिला समजायला एक मिनिटही लागलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. चेहरा पडला. मग हळूच म्हणाली, "पण काकू, तुम्हीच सांगितलं होतंत ना, तारीख कुणी बोलत नाही म्हणून."

"सांगितलं," मी म्हटलं. "लोक बोलतात कसं ते सांगितलं. बाई एका सकाळी दोन बागांत उभी राहू शकत नाही, हेही मीच सांगायचं होतं का? इंजिनिअर कोण, तू का मी?"

"मी."

"मग? आणि 'करतात हो हे लोक' म्हणजे काय गं? कोण लोक? तू कधी बघितलीस का ती बाई?"

शेजारच्या टेबलांवरचे सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये घुसले. मग तिनं खुर्ची ओढली, मला बसवलं आणि कामाला लागली. तयार टेबलाची किल्ली बदलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. नवीन टेबल करायचं, रॅक टोळीचाच, कप्पा खऱ्या तारखेचा, आणि दिवसाचा आकडा नुसता आत माहिती म्हणून. जुन्यातल्या नोंदी मोजून मोजून नव्यात आणायच्या, आणि तोपर्यंत येणारी नवी बुकिंगं दोन्हीकडं लिहायची. ॲप एक मिनिटसुद्धा बंद ठेवायचं नाही, कारण हंगाम भरात. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत तिनं नीट जेवण केलं नाही आणि मी तिला दोन्ही दिवस डबा नेला. राग वेगळा, उपाशी ठेवणं वेगळं.

पण खरा संताप पुढं आहे.

तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला, लाल झालेल्या सगळ्या टोळ्यांच्या नोंदी तारखेत बदलून बघणारा. आमची मुकादमबाई एकटी नव्हती. यादी खाली खाली सरकतच राहिली. आणि कोण होत्या त्या टोळ्या? ज्यांचं काम सगळ्यात चांगलं, ज्यांना सगळ्यांनी मागितलं, त्या. ज्या टोळीला कुणी विचारत नव्हतं तिची बुकिंगं एकमेकांवर आदळली नाहीत, ती हिरवीगार. जिला दहा जणांनी बोलावलं ती पहिल्या आठवड्यात लाल. आणि आम्ही असं ॲप केलं होतं की बागवाल्याला "टोळी आली नाही" हे बटण, आणि मुकादमाला "आम्ही त्या दिवशी दुसऱ्या बागेत होतो" हे सांगायला काहीच नाही! बायांना मेसेज फक्त यायचे, जायचे नाहीत. तीन-तीन मीटिंगा झाल्या, चहा झाले, कचोऱ्या झाल्या, आणि एकाही माणसाच्या मनात हे आलं नाही.

मी अध्यक्षांना गाठलं. मोठी बाग, मोठं घर, वागायला गोड माणूस. मला आक्का म्हणतात.

"आक्का, लाल पुसू की," ते म्हणाले. "पण गाजावाजा कशाला? त्या टोळ्या नवीन नावानं टाका. कोरी पाटी. बायांना काय, काम मिळाल्याशी मतलब."

"आणि बागवाल्यांना काय सांगायचं?"

"तांत्रिक अडचण होती, असा मेसेज टाकू. चूक आमची असं लिहिलं तर उद्या तिकडच्या तालुक्यातले लोक जोडले जाणार नाहीत. विश्वासाचा धंदा आहे, आक्का."

"बायांचा विश्वास?"

"त्यांचं काय एवढं! येतात त्या."

मी मुकादमबाईला फोन केला, नव्या नावाचं सांगायला. मला सांगायचं नव्हतं, पण तिच्या बाया नाक्यावर होत्या आणि नवीन नाव तर दहा मिनिटांत पडलं असतं. ठरवणारी मी कोण?

ती म्हणाली, "माझ्या नावात काय वाईट हाय ताई? चौदा वरसं ह्या नावानं बागवाले हाक मारतात. चोरी केली व्हती का मी, नाव बदलायला?"

एवढं ऐकल्यावर माझ्यासाठी विषय संपला. ऑफिसात जाऊन मुलीकडून आधी सगळे लाल गोल काढून घेतले, मग मी मेसेज लिहिला. माझं ॲडमिनचं लॉगिन अजून चालू होतं, सगळ्या बागवाल्यांना मेसेज पाठवायची परवानगी होती. लिहिलं ते असं: तुमच्या बागेत टोळी आली नाही त्या दिवशी आमच्याच ॲपनं तिला दुसऱ्या बागेत पाठवलं होतं. चूक आमची आहे, टोळीची नाही. दिवसांचा हिशेब आम्ही चुकवला. ज्यांनी तक्रारी केल्या त्यांनी त्या मुकादमांशी बोलावं. लाल खुणा आम्ही काढल्या आहेत.

मुलीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "काकू, अध्यक्षांनी हे अप्रूव्ह केलंय?"

"नाही."

"मग मी चहाला चालले," ती म्हणाली. "परत आल्यावर बघते काय झालं ते." आणि खरंच गेली.

मी बटण दाबलं. क्षणात सगळीकडं गेला. डेटाबेसला एकानं विचारा, हजारांनी विचारा, त्याला फरक पडत नाही. तसाच मेसेजलाही खऱ्याखोट्यानं फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी माझं लॉगिन बंद. अध्यक्षांचा फोन नाही, काही नाही. गटाच्या ग्रुपवरून मला काढलं. घ्या! माझ्या वहीतून उभं राहिलेलं सगळं, आणि मला साधं "या आक्का, बोलू" म्हणायची हिंमत नाही.

त्याच सकाळी मी भावाची गाडी घेऊन नाक्यावर गेले. दिंडोरीच्या अलीकडचा तो फाटा, चहाची टपरी, चार-पाच टोळ्या रस्त्याच्या कडेला, डोक्याला फडकी बांधून. मुकादमबाई कडेच्या दगडावर बसली होती. मला बघून उठली नाही. एवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. चालवत होता तो अठ्ठेचाळिसाव्यावाला, तोच, ज्यानं पहिलं बटण दाबलं होतं. मेसेज वाचून आलेला.

"चल मामी," तो काचेतूनच म्हणाला. "बस. विरळणीला बाया पाहिजेत."

ती बसून राहिली.

"अगं चल ना. झालं गेलं."

"काय झालं आन काय गेलं?" ती म्हणाली. "नीट सांग."

"मोबाईलची चूक व्हती म्हणे."

"म्हणे नाय. उतर खाली."

तो इकडंतिकडं बघायला लागला. दुसऱ्या टोळ्यांच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, "उतर की दादा, मोबाईल तुला उतरू देत नाय का?" आणि नाक्यावर हशा पिकला. तो उतरला.

"तुझी टोळी त्या दिवशी कामावर व्हती," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"मोठ्यानं. टपरीवाल्याला ऐकू गेलं पायजे. तूच इथं उभा राहून सांगितलंस ना सगळ्यांना, ही बाई फसवते म्हणून?"

त्यानं मोठ्यानं सांगितलं. लाजून का होईना, पण सांगितलं. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. मी जवळ गेले आणि तिच्या हाताला धरून म्हटलं, "बघ, नाव परत आलं तुझं."

तेव्हा ती उठली. मागं वळून बायांना खूण केली. पाच इकडून, चार तिकडून, अशा नऊ जणी उठल्या आणि पिकअपकडं चालायला लागल्या. मी बघतच राहिले.

"बाकीच्या कुठंयत?"

"दहा दिस बसवून ठेवल्या तुमच्या मोबाईलनं," ती म्हणाली. "काही घरी गेल्या. सहा जनी इगतपुरीकडं विटांच्या भट्टीवर गेल्या, उचल घेऊन. त्या आता येत नाय, पावसापर्यंत तिथंच. माझी सून बी गेली त्यांच्यासंगं."

मी म्हटलं, "मी भांडले गं त्यांच्याशी. सगळ्यांशी भांडले."

"भांडलात ते चांगलं केलं ताई," ती पिकअपच्या फळीवर पाय ठेवत म्हणाली. "पन तेरा बाया मी आता कुठून आनू?"

फळी वर चढली, खिट्टी लागली. बागवाला मला म्हणाला, "ताई, नऊ जणीत माझं दोन दिवसांचं काम पाच दिवस चालंल, तंवर मणी थांबतील का?" मी त्याला म्हटलं, "तुझे मणी तू बघ." आणि रस्ता ओलांडून भावाच्या गाडीकडं आले.